मऊ रंगांची किमया

यंत्राने काढलेल्या चित्रात हाताचा ओलावा कोठून येणार, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर जपानी चित्रकारांनी केव्हाच देऊन ठेवले आहे.

१९८८ साली ‘तोनारी नो तोतोरो’ हा चित्रपट निघाला. त्यातील कापूरवृक्ष, रानवाटा आणि भातशेते काझुओ ओगा यांच्या कलादिग्दर्शनाखाली पोस्टर-रंगांनी कागदावर उतरली. पुढे १९९९ साली त्याच घिब्ली संस्थेने, इसाओ ताकाहाता यांच्या दिग्दर्शनाखाली, यामादा कुटुंबावरील चित्रपट सर्वस्वी संगणकावर रंगविला. आणि तरीही पाहणारास तो जलरंगांचाच भासतो!

हे साधते कसे? संगणकावरील चित्र पारदर्शक कागदांसारख्या थरांवर रचतात : एकावर रेषा, दुसऱ्यावर सपाट रंग, तिसऱ्यावर छाया. क्रीटासारखे सॉफ्टवेअर तर विनामूल्य मिळते. लेखणीवरचा भार कमी केला की रेषा नाजूक होते. सावलीत काळ्याऐवजी निळसर वा जांभळी छटा घातली की चित्र मवाळ दिसते.

मात्र नेमकी कोणती छटा, हे यंत्र सांगत नाही. पावसात भिजलेल्या चिऱ्याचा तांबडा रंग ज्याने डोळे भरून पाहिला, त्यालाच तो पडद्यावर गवसेल. शिवाय चुकलेली रेषा क्षणात पुसता येते, म्हणून ती विचार न करता ओढण्याची सवय जडते. आमची खरी चिंता ही आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, यंत्र अवश्य हाती घ्या. पण तत्पूर्वी वही-पेन्सिल घेऊन तासभर कुळागरात जाऊन बसा.