राजमाचीच्या माळावर एक रात्र

लोणावळा आणि कर्जत यांच्या मधल्या डोंगरात राजमाचीचा किल्ला आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे त्याचे दोन बालेकिल्ले. त्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे छोटेसे गाव. जानेवारीतल्या एका शनिवारी आमच्या वस्तीतील सहा कुटुंबे लेकराबाळांसह तेथे मुक्कामी गेलो.

कर्जतला लोकलमधून उतरून रिक्षाने कोंदिवडे गाठले आणि तेथून पायी निघालो. वाटेत कोंडाणे लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आणि भिक्खूंचे विहार येथे आहेत. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख एका भग्न मूर्तीजवळ आहे. नाव राजाचे नाही, काम करणाऱ्याचे आहे, हे सांगताच मुले ती अक्षरे निरखून पाहू लागली.

पुढची चढण मात्र घाम काढणारी. पाठीवर ताडपत्री, पातेली, तांदूळ आणि चादरी. गावकऱ्यांना विचारून माळावर मुक्काम टाकला, तेव्हा सगळ्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. पाणी लांबून आणायचे, शौचाला आडोसा शोधायचा, अंथरुणाखाली खडे टोचायचे. रात्री थंडी अशी की दातावर दात वाजत होते.

आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “अरे, चुलीचा धूर आणि डोईवरचा हंडा सोडून आम्ही शहरात आलो. पुन्हा तेच करायला इथे कशाला आणलंत?”

प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर भाषणाने देता येत नाही. त्या रात्री पाणी पुरुषांनी भरले, तीन दगडांची चूल त्यांनीच पेटवली, खिचडी त्यांनीच रांधली आणि खरकटी भांडीही घासली. मावशी चादर पांघरून शेकोटीशी बसल्या होत्या. त्यांच्या हातात आयते ताट आले. जुने कष्ट एकट्या बाईच्या माथी होते आणि ते टाळता येत नव्हते. हे कष्ट एका रात्रीचे, आपण होऊन घेतलेले आणि सर्वांनी वाटून घेतलेले. मग मावशींनीच मुलांना आभाळातला मृग आणि कृत्तिकांचा पुंजका ओळखायला शिकवले. चाळीतल्या मुलांनी एवढे तारे कधी पाहिलेच नव्हते.

पहाटे श्रीवर्धनवर चढलो. खाली उल्हास नदीचे खोरे धुक्यात होते. याच डोंगरांत उगम पावणाऱ्या नदीचे पाणी अंबरनाथ-कल्याणच्या नळांना येते, हे कळल्यावर मुलांनी आपला कचरा न सांगता पिशवीत भरला.

वाचकहो, सहलीला मोठा पैसा लागतो असे नाही. नवख्यांनी हिवाळ्यात जावे, गरम कपडे, बॅटरी, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी बरोबर घ्यावी, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. आणि घरातल्या बाईला त्या दिवशी चुलीपासून सुट्टी द्यावी.