तक्रारींची वर्गवारी: यंत्राआधीचे काम

मजकूर-वर्गीकरण म्हणजे आलेला मजकूर आधी ठरवलेल्या गटांपैकी एकात घालणे. नागरिकांच्या तक्रारी विषयवार लावणे हा त्याचा नेहमीचा उपयोग. पनवेलचे उदाहरण घेतले तर या कामातले बारकावे चांगले कळतात. १८५२ साली नगरपालिका मिळालेल्या या शहराची १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. खारघर, कळंबोली, कामोठे या सिडको या शहरे वसवणाऱ्या सरकारी संस्थेच्या वसाहती आणि आसपासची गावे त्यात आली. जबाबदाऱ्या मात्र अनेक संस्थांत विभागलेल्या राहिल्या.

गट विषयावरून पाडायचे की जबाबदारीवरून, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. ‘पाणी आले नाही’ हा विषय एकच. पण जुन्या पनवेलचा पाणीपुरवठा महापालिका सांभाळते, तिचे स्वतःचे देहरंग धरण आहे, तर खारघरचे पाणी सिडकोकडून येते. वीज गेली तर महावितरण. तळोजा औद्योगिक वसाहतीतून उग्र वास आला तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवणे बरे. तक्रार कशाची आहे, हे यंत्राने सांगावे; ती कोणाकडे जावी, हे विषय आणि ठिकाण यांच्या साध्या तक्त्यावरून ठरावे. जबाबदारी एका संस्थेकडून दुसरीकडे गेली की तक्त्यातली ओळ बदलते, यंत्राला सगळे पुन्हा शिकवावे लागत नाही.

त्यानंतर नमुन्याच्या तक्रारींवर माणसांनी गट लिहायचे. एकच गठ्ठा दोघांनी एकमेकांचे न पाहता तपासावा. ‘गटार तुंबून पाणी रस्त्यावर आले’ या तक्रारीत गटार, पाणी आणि रस्ता तिन्ही आहेत. दोघांचे मत इथेच फुटते. अशा ठिकाणी नियम लिहून ठेवावा: दुरुस्ती ज्याची करायची, तो गट. जिथे दोन जाणत्या माणसांचे एकमत होत नाही, तिथे यंत्राकडून अचूकतेची अपेक्षा धरता येत नाही.

यानंतर लायब्ररीची, म्हणजे तयार संगणक-प्रोग्रामांच्या संचाची, पाळी. पायथन या संगणक-भाषेतली सायकिट-लर्न ही मुक्त लायब्ररी डेव्हिड कुर्नापो यांनी २००७ साली गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमात सुरू केली. तिच्यातली टीएफ-आयडीएफ पद्धत मजकुराचे आकडे करते: एका तक्रारीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या, पण इतर तक्रारींत विरळ असलेल्या शब्दाला जास्त वजन मिळते. मराठीची अडचण इथेच सुरू होते. शब्द तोडण्याचा या लायब्ररीचा मूळ नियम काना, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही आणि एकट्या अक्षराला शब्द मानत नाही. परिणामी ‘रस्ता’चा ‘रस’ उरतो, ‘गटार’चा ‘गट’ होतो, तर ‘पाणी’ आणि ‘वीज’ साफ नाहीसे होतात. कुठलीही चूक दाखवली जात नाही. काम सुरळीत चालते आणि निकाल वाईट येतो. म्हणून शब्दांची यादी छापून डोळ्यांनी पाहणे ही पहिली तपासणी.

उपाय सोपा आहे. शब्दांऐवजी दोन ते पाच चिन्हांचे तुकडे, म्हणजे कॅरेक्टर एन-ग्रॅम, घ्यायचे. मग ‘रस्ता’, ‘रस्त्यावर’, ‘रस्त्यांची’ या रूपांत ‘रस्त’ हा तुकडा समान सापडतो. सामान्यरूपांचा प्रश्न बराचसा सुटतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणाऱ्याची तक्रारही अगदीच परकी ठरत नाही. ‘दुसऱ्या’मधला र संगणकावर दोन तऱ्हांनी टंकला जातो, तो आधी एकसारखा करून घ्यावा. रोमन लिपीतल्या मराठीचे नमुनेही शिकवण्याच्या गठ्ठ्यात हवेत.

चाचणीसाठी तक्रारी बाजूला काढताना काळाचा क्रम पाळावा: जुन्यांवर शिकवावे, नव्यांवर तपासावे. पावसाळ्यात खड्डे आणि गटारे, उन्हाळ्यात पाणी, अशी तक्रारींची चाल असते. त्यामुळे किमान वर्षभराचा मजकूर लागतो. एकच मजकूर अनेकांनी पाठवला असेल तर त्याच्या सगळ्या प्रती एकाच बाजूला ठेवाव्यात, नाहीतर परीक्षेचे प्रश्न आधीच फुटतात. एकूण टक्केवारीवर समाधान मानू नये. प्रत्येक गटाचा निकाल स्वतंत्र पाहावा, कारण तक्रारींत कचराच जास्त असेल तर सगळ्याला ‘कचरा’ म्हणणारे यंत्रही हुशार दिसते.

पहिल्या फेरीला लॉजिस्टिक रिग्रेशन हे साधे वर्गीकरण-प्रारूप पुरते. ते प्रत्येक उत्तराबरोबर शक्यताही देते. ती कमी असेल तर तक्रार थेट लिपिकाकडे जावी. याहून पुढे जायचे तर पुण्याच्या ‘एल३क्यूब’ने मराठीसाठी तयार केलेले महाबर्ट हे प्रारूप उपलब्ध आहे. मात्र गट चुकीचे पाडले असतील, तर मोठे प्रारूप तीच चूक अधिक आत्मविश्वासाने करते. प्रारूप कधीही बदलता येते. गटांची व्याख्या आणि मजकुराची तोडणी आधी नीट झाली पाहिजे.