२१ चौरस किलोमीटरचा देश आणि माझा चुकलेला तास



छोट्या देशावर निबंध कसा लिहायचा हे आपल्याला कुणी सांगायला नको. स्थान, क्षेत्रफळ, लोकसंख्या, राजधानी, चलन, मुख्य पीक, मुख्य उद्योग, शासनपद्धती. आठ ओळी झाल्या की देश संपला. मीही बरीच वर्षं असंच शिकवत आलो. यंदा आठवीच्या वर्गात नाउरू घेतला आणि तिथं माझी फजिती झाली. तुमच्यापैकी कुणी हा देश शिकवणार असाल तर ती फजिती तुमच्या कामाला येईल, म्हणून लिहितो.

आधी जागा दाखवा. पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, विषुववृत्ताच्या जेमतेम खाली. भिंतीवरच्या नकाशात ठिपका सापडायला मुलांना वेळ लागतो, तो लागू द्या. मग त्या देशाचा ध्वज काढायला लावा. निळं कापड, मधून पिवळी आडवी पट्टी, आणि पट्टीच्या खाली डावीकडे पांढरा तारा. निळा म्हणजे समुद्र, पिवळी पट्टी म्हणजे विषुववृत्त, तारा म्हणजे खुद्द नाउरू. ध्वजावरच स्थान काढून ठेवलंय! ताऱ्याला बारा टोकं, कारण मूळच्या जमाती बारा.

क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे जवळजवळ पाच देश मावतील. लोकसंख्या साधारण १२ हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव. सगळ्यात जवळचा शेजारी बानाबा बेट, तेही तीनशे किलोमीटरवर. एकही नदी नाही. नैसर्गिक बंदर नाही, कारण किनाऱ्याला लागून प्रवाळाची कड आणि तिच्या पलीकडे समुद्र एकदम खोल. आणि राजधानी? तुमच्या तक्त्यातला हा रकाना इथं रिकामाच राहतो. नाउरूला अधिकृत राजधानी नाही. संसद आणि सरकारी कचेऱ्या यारेन नावाच्या जिल्ह्यात आहेत, म्हणून पुस्तकवाले यारेन लिहून मोकळे होतात.

बेटाची रचना थाळीत पालथी घातलेल्या वाटीसारखी समजा. थाळीचा काठ म्हणजे किनाऱ्याची सपाट पट्टी, काही ठिकाणी जेमतेम दीडशे मीटर रुंद. घरं, नारळ, रस्ता, विमानतळ, सगळं तिथंच. वाटी म्हणजे मधलं पठार. हे पठार एकेकाळी समुद्राखाली वाढलेल्या प्रवाळाचं आहे. प्रवाळाच्या सुळक्यांच्या मधल्या फटीत फॉस्फेट भरलेलं होतं, आणि तेही जगातल्या उत्तम प्रतीचं. नाउरूची पुढची सगळी गोष्ट या फटींतून बाहेर येते.

आता माझा चुकलेला तास सांगतो.

मी गोष्ट सुरू केली ती श्रीमंतीपासून. १९७० आणि ८० च्या दशकात फॉस्फेटच्या पैशामुळे नाउरू दरडोई उत्पन्नात जगातल्या अगदी वरच्या देशांत होता. आयकर नाही. दवाखाना आणि शिक्षण फुकट. एवढ्याशा देशाची स्वतःची विमान कंपनी. मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नाउरू हाउस’. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. मग उतरण सांगितली. १९९३ साली लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीच्या आयुष्यावरच्या एका संगीत नाटकात सरकारी पैसा घातला, ते नाटक आपटलं. गुंतवणुकी बुडाल्या, कर्जं झाली, फॉस्फेट संपत आलं. २००४ मध्ये मेलबर्नची इमारत विकली. २००५ च्या अखेरीस विमान कंपनीकडं उरलेलं एकुलतं एक विमानही कर्जापोटी जप्त झालं. आणि मी शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकलं, “बघा, जमीन खणून बसून खाल्ली की असं होतं.”

मागच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या वडिलांनी मागच्या वर्षी शेताच्या एका तुकड्यातली माती वीटभट्टीला दिली होती. हे मला ठाऊक होतं, पण बोलताना ध्यानात राहिलं नाही. तास संपता संपता तो म्हणाला, “सर, भाव आम्ही नाय ठरवत. भट्टीवाला ठरवतो.”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. नाउरूच्या फॉस्फेटचा भाव कोण ठरवत होतं, याचा एक शब्दही मी सांगितला नव्हता. सिनेमा मध्यंतरानंतर लावावा तसं मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली, १८९९ पासून. सिडनीतल्या एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार उघडं ठेवायला एक दगड लावलेला असे. तो नाउरूहून आलेला, सगळ्यांची समजूत अशी की हे दगड झालेलं लाकूड आहे. आल्बर्ट एलिस नावाच्या तिथल्या कर्मचाऱ्याला शंका आली, त्यानं दगड तपासून पाहिला, तर तो फॉस्फेटचा निघाला. दारातला दगड आणि सगळ्या देशाचं नशीब! मुलांना हा भाग फार आवडतो, इथं थोडं रमायला हरकत नाही.

बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. करारमदार झाले आणि १९०६ च्या सुमारास खाणकाम सुरू झालं. जमिनीच्या मालकाला मिळायचे टनामागे अर्धा पेनी. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, ऑस्ट्रेलियानं बेट घेतलं. युद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशन’ काढलं. विकणारे हे तिघे, आणि विकत घेणारे मुख्यतः यांचेच शेतकरी. त्यामुळे फॉस्फेट जगाच्या बाजारभावानं नाही, तर काढायला आलेल्या खर्चाच्या हिशेबानं विकलं जाई. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची कुरणं त्या स्वस्त खतावर हिरवी झाली. खणायला मजूर आणले ते चीनमधून आणि आसपासच्या बेटांवरून. सुपर फॉस्फेटची गोणी आमच्या मुलांनी घरी पाहिलेली असते. आपल्याकडं त्यासाठीचा खनिज दगड बहुतेक जॉर्डन, इजिप्त, मोरोक्को अशा देशांतून येतो, नाउरूतून नाही, हे तेवढं स्पष्ट करा. नाहीतर मुलं गोणीवर नाउरू शोधत बसतात.

भट्टीवाल्याचं उदाहरण मग त्या मुलानंच पुरं केलं. “म्हणजे सर, भट्टीवालाच माती घेणार आणि भट्टीवालाच भाव लावणार.” अगदी तसंच.

मधे माणसांचं काय झालं, तेही सांगायला हवं. १९२० च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत इतके लोक गेले की जमात टिकेल की नाही अशी काळजी पडली. टिकायला किमान १५०० माणसं हवीत असं ठरलं. १९३२ साली पंधराशेवं मूल जन्मलं. तो दिवस, २६ ऑक्टोबर, तिथं आजही ‘अंगाम दिन’ म्हणून सण आहे. मग दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये जपाननं बेट घेतलं आणि १२०० नाउरूवासीयांना दूरच्या त्रुक बेटांवर कामाला नेलं. ३१ जानेवारी १९४६ ला जे परतले ते ७३७. पुढं स्वातंत्र्याचा दिवस निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी हीच तारीख घेतली, ३१ जानेवारी १९६८. तारखा पाठ करून घ्यायच्या तर अशा घ्याव्यात.

स्वातंत्र्याआधी आणखी एक प्रस्ताव आला होता. खाणकामानं बेट राहण्याजोगं उरणार नाही, तेव्हा सगळ्यांना ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर वसवू. लोकांनी नकार दिला. तिथं जायचं तर ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हायचं, स्वतःचा देश उरणार नव्हता. हॅमर डीरोबर्ट हे त्यांचे पुढारी, तेच पुढं पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. धरणग्रस्तांच्या गावातली मुलं तुमच्या वर्गात असतील तर इथं तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

स्वतंत्र नाउरूनं खाण स्वतःकडं घेतली. १९८९ मध्ये या १२ हजारांच्या देशानं ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. म्हणणं एवढंच, आमच्या हाती सत्ता येण्याआधी तुम्ही जी जमीन खणून ठेवली ती पूर्ववत करून द्या. १९९३ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. ऑस्ट्रेलियानं ५.७ कोटी डॉलर एकरकमी आणि पुढची वीस वर्षं दरवर्षी २५ लाख द्यायचे. एकूण किती? वर्गात फळ्यावर करून घ्या, १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर येतात.

मग नाउरूच्या राज्यकर्त्यांनी काहीच चुकीचं केलं नाही का? केलं, आणि भरपूर केलं. मी सांगितलेली उधळपट्टी खरीच आहे. सहज बँक परवाने वाटून काळ्या पैशाला वाट देणंही खरं. २००१ पासून ऑस्ट्रेलियाकडून मदत घेऊन त्यांनी नको म्हटलेल्या निर्वासितांना आपल्या बेटावर छावणीत ठेवणं, हेही त्यातलंच, आणि मला तर ते सगळ्यात जास्त खटकतं. फक्त “बसून खाल्लं” हे वाक्य मी आता उच्चारत नाही. दुसऱ्यांनी साठ वर्षं ताटातलं उचललं, मग उरलेलं यांनी उधळलं, असा क्रम लावला की मुलं स्वतःच भांडतात कोणाचा दोष किती यावर. भांडू द्यावं.

शासनपद्धतीचा भाग आपण एका ओळीत उरकतो, पण नाउरूत तो सगळ्यात मजेशीर आहे. संसदेत १९ सदस्य, मतदारसंघ आठ, मुदत तीन वर्षं. सदस्य आपल्यातूनच राष्ट्राध्यक्ष निवडतात, आणि तोच देशाचा प्रमुख व तोच सरकारचाही. म्हणजे राष्ट्रपती आणि पंतप्रधान एकाच खुर्चीत. पक्ष म्हणावे तसे पक्के नाहीत, त्यामुळे दोनचार जण इकडचे तिकडे झाले की सरकार पडतं. १९९० च्या दशकात तर राष्ट्राध्यक्ष सारखे बदलत होते. सैन्य नाही, चलन ऑस्ट्रेलियाचं.

मतदानाची रीत मात्र त्यांची स्वतःची. १९७१ पासून चालू आहे. मतदारानं सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा. पहिल्या पसंतीला १ गुण, दुसरीला १/२, तिसरीला १/३, असं पुढं. गणिताच्या शिक्षकांनो, अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. आम्ही मॉनिटरची निवड अशी घेऊन पाहिली. मुलं २४, उमेदवार तीन. पहिल्याला ११ मुलांची पहिली पसंती, पण उरलेल्या १३ जणांनी त्याला तिसरा टाकलेला. दुसरीला पहिली पसंती फक्त ७, पण बाकी १७ जणांनी दुसरी दिलेली. पहिल्याचे गुण ११ अधिक १३/३, म्हणजे १५.३३. दुसरीचे ७ अधिक १७/२, म्हणजे १५.५. ती निवडून आली! ११ वाला अजून माझ्यावर रुसलेला आहे. नेहमीच्या पद्धतीनं तोच जिंकला असता, त्यामुळे त्याचं रुसणंही वाजवी आहे.

आज नाउरू कशावर चालतो, हेही मुलांना सांगावं लागतं. फॉस्फेट थोडंच उरलंय. मोठी कमाई मासेमारीच्या परवान्यांतून. भोवतीच्या समुद्रात टुना मासा भरपूर आहे आणि त्या भागातल्या बेटांनी १९८२ मध्ये एकत्र येऊन करार केला, त्याचं नावच नाउरू करार. परदेशी बोटींना आता दिवसाच्या हिशेबानं पैसे मोजावे लागतात. एकेकट्या बेटाला बोटवाले भाव पाडून मागायचे, एकत्र आल्यावर यांनी भाव लावला. आणि २०२१ मध्ये नाउरूनं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला कळवलं की आपल्या पाठिंब्याच्या कंपनीला पॅसिफिकच्या तळाशी पडलेले निकेल, कोबाल्ट असलेले गोळे काढायचे आहेत, तेव्हा दोन वर्षांत नियम करा. पुन्हा खणणंच, या वेळी समुद्राच्या तळाशी. याला परवानगी द्यावी का यावर माझ्या वर्गात १४ विरुद्ध १० झाले. कोण १४ ते सांगत नाही, तुमच्या वर्गात विचारून बघा.

पालकसभेला त्या मुलाचे वडील आले होते. मुलानं घरी सगळं सांगितलेलं. मी त्यांच्याकडं माफी मागितली, ते म्हणाले, “राहू द्या गुरुजी.” मग थोडा वेळ थांबून विचारलं, “त्या बेटावर माती काढल्यावर खाली काय राहिलं?” मी मोबाईलवर फोटो दाखवला. पठारभर करड्या पांढऱ्या प्रवाळाचे सुळके, माणसाहून उंच, मधे खोल भेगा. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

“पाणी साठतं का यात?”

“नाही, दगडातून झिरपून जातं.”

“आमच्या खड्ड्यात साठतं,” ते म्हणाले. “म्हशी बसतात.”