मक्याला चुना

सून टेक्सासची आहे असे सांगितले की आमच्या आळीतल्या बायका तिचे नाव-गाव विचारीत नाहीत. "जेवायला काय करते हो ती?" हा पहिला प्रश्न. मी सांगते, "बटाट्याची थालीपिठे." ऐकणारीचा जीव भांड्यात पडतो. "जर्मन पद्धतीची, मक्याचे पीठ घालून, वर मेक्सिकन चटणी," असे पुढे म्हटले की तो पुन्हा भांड्याबाहेर येतो.

आमच्या सूनबाईंचे वडील न्यू ब्राउनफेल्स गावच्या जर्मन घराण्यातले आणि आई मेक्सिकोतल्या मोंतेरे शहराची. हे ऐकून एक वयस्क शेजारीण म्हणाल्या, "म्हणजे सगळी भेसळच की!" शब्द सहज निघाला, पण मला लागला. त्या थालीपिठाबद्दल बोलत नव्हत्या, माझ्या सात वर्षांच्या नातीबद्दल बोलत होत्या.

आधी थालीपिठाचे सांगते. तीन मोठे बटाटे किसून, घट्ट पिळून घ्यायचे. पिळलेले पाणी लगेच फेकायचे नाही. थोड्या वेळाने तळाशी पांढरे सत्त्व बसते, ते किसात परत घालायचे. ही जर्मन आजीची युक्ती. त्यात चिरलेला कांदा, एक अंडे, मीठ. जर्मन बाई इथे चमचाभर मैदा घालते आणि सफरचंदाच्या गोड गराबरोबर वाढते. आमच्या सूनबाई मैद्याऐवजी अर्धी वाटी मक्याचे 'मासा' पीठ घालतात, हिरवी हालापेन्यो मिरची बारीक चिरून टाकतात आणि तव्यावर सढळ तेलात खमंग परततात. सोबत टोमॅटिल्लो नावाच्या आंबट हिरव्या फळांची चटणी आणि मिठात आंबवलेला कोबी. माझ्यासाठी अंडे वगळतात.

हे काही आजच्या तरुण मंडळींचे नवे खूळ नव्हे. न्यू ब्राउनफेल्स हे गाव जर्मन वसाहतकऱ्यांनी १८४५ साली वसवले. त्याच गावात १८९०च्या दशकात विल्यम गेबहार्ट नावाचा जर्मन माणूस उपाहारगृह चालवीत असे. गिऱ्हाइकांना हवी असे मेक्सिकन तिखटाची झणझणीत 'चिली', पण मिरची वर्षभर मिळत नसे. त्याने मेक्सिकोतून वाळक्या आंचो मिरच्या आणवल्या, दळल्या आणि बाटलीत भरून विकल्या. आज अमेरिकेत घरोघरी असलेल्या 'चिली पावडर'मागे असा एक जर्मन उभा आहे. त्या पावडरीत जिरे असते! सॅन अँटोनिओला मुलाच्या घरी मी ती बाटली प्रथम हुंगली, तेव्हा परदेशात माहेरचे माणूस भेटावे तसे झाले.

बरे, जर्मनांचा म्हणून जो बटाटा, तो तरी जर्मनांचा कुठे? तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला १७५६ साली हुकूम काढून तो लोकांना लावायला सांगावा लागला. आणि आपण हसायचे कारण नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा अमेरिकेचा, दाणे अमेरिकेचे, बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांनी ही मंडळी आपल्या किनाऱ्यावर उतरवली नसती, तर उपास खरोखरच उपास झाला असता! आपल्या पितळी पातेल्यात शिजून ती इतकी आपली झाली, की देवालाही नैवेद्य चालतो.

मात्र दुसऱ्याचे घ्यायचे तर कसे घ्यावे, हे मला त्या 'मासा' पिठाने शिकवले. मेक्सिकोतल्या बायका मका नुसता दळीत नाहीत. चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन सालपटे काढतात आणि मग वाटतात. कोलंबसाच्या कितीतरी आधीपासूनची ही रीत आहे. युरोपने मका उचलला, चुना तिथेच ठेवला. ज्या गरिबांचे पोट जवळजवळ मक्यावरच भरत असे, त्यांना पुढे पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी सोलपटे, पोट बिघडे, अखेर बुद्धीला भ्रम होई. स्पेन, इटली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेची दक्षिणेकडची राज्ये यांनी तो भोगला. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेले असते, ते चुन्याने सुटते आणि अंगी लागते. आपल्याकडे चुना लावणे म्हणजे फसवणूक, तिथे चुना न लावल्याने माणसे फसली!

तेव्हा शेजारीणबाईंना माझे उत्तर तयार आहे. भेसळ चोरून करतात आणि तीत एकाचे नाव पुसले जाते. मिसळीत मटकी मटकीच राहते, फरसाण फरसाणच. माझी नात तीन घरांची आहे, याची मला चिंता नाही. तिन्ही घरांचे तिला नुसते ताटात मिळेल आणि रीत मागेच राहील, ही मात्र आहे. जर्मन आजीचे सत्त्व तिला ठाऊक आहे, मेक्सिकन आजीचा चुना ठाऊक आहे. माझ्याकडचे काय?

या दिवाळीत ती पुण्याला येणार आहे. चकलीची तयार भाजणी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, पण मी आणणार नाही. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धने, जिरे तिच्यापुढे मांडीन. एकेक वेगळे भाजायला लावीन आणि प्रत्येकाचे मराठी नाव तिच्या तोंडून आल्याशिवाय पुढचे कढईत पडू देणार नाही. चकली मोडली तरी चालेल. नाव आणि रीत तिच्याबरोबर विमानात चढली पाहिजे.