ओढतोय की! पण थांबतोय का?

गोडी छाटणीच्या आधी बागेत शेणखत टाकायची घाई सुरू झालीय. आमच्या तासगाव भागात द्राक्षांमुळं बऱ्याच घरी छोटे ट्रॅक्टर आलेत. फवारणी आणि रोटरसाठी घेतलेला हा ट्रॅक्टर आता खत, वाळू, मुरूम सगळंच ओढतो. म्हणून आज ट्रॉलीबद्दल लिहितोय.

परवा शेजारच्या पोराला म्हटलं, "बाळा, ट्रॉली जास्त झाली." तर म्हणतो कसा, "आबा, ओढतोय की मस्त!" खरंय, ओढतोय. लो गिअरमध्ये 20 एचपीचा ट्रॅक्टरसुद्धा सपाटीला दोन टन ओढतो. पण थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या वजनावर आणि टायरच्या पकडीवर असतं. आपल्या ट्रॉलीला बहुतेक वेळा ब्रेक नसतोच. ओढ्याच्या उताराला मागचं ओझं ढकलायला लागतं, ब्रेक दाबला की चाकं घासत जातात आणि ट्रॉली तिरकी होऊन ट्रॅक्टरलाच आडवा करते. मग पोराच्या हातात काही राहत नाही.

जरा हिशेब करू. माझा ट्रॅक्टर साधारण 900 किलोचा, रिकामी ट्रॉली 600 किलोची. ट्रॉलीचं माप 6 बाय 4 फूट, उंची दीड फूट, म्हणजे 36 घनफूट. कुजलेलं शेणखत भरलं तर अंदाजे 700 किलो. वाळू भरली तर? एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि कोरडी वाळूच ब्रासला साडेचार टनांच्या आसपास जाते. म्हणजे तीच ट्रॉली काठोकाठ भरली की 1600 किलो. ट्रॉली धरून 2200 किलो मागं, आणि पुढं थांबवायला 900 किलो! वाळू ओली असेल तर आणखी जास्त.

माझा नियम असा: बिनब्रेकची ट्रॉली मालासकट सपाटीला ट्रॅक्टरच्या दीडपटीपेक्षा जड नको. उतार असेल तर ट्रॅक्टरएवढीच. म्हणजे शेणखत सपाटीला भरून, उताराला अर्ध्या ट्रॉलीपेक्षा कमी. वाळूची सपाटीलासुद्धा अर्धीच्या आत. एक खेप वाढते, डिझेल थोडं जास्त जातं. जाऊ दे.

बाकी सवयी:

उतार सुरू व्हायच्या आधीच लो गिअर टाका. मध्ये क्लच दाबू नका, न्यूट्रल तर अजिबात नको. इंजिनच ट्रॅक्टरला धरून ठेवतं.

रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडून घ्या. बागेत वळताना सुटं केलेलं पेडल तसंच राहिलं आणि घाईत एकच दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो.

ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा. टॉपलिंकच्या जागी किंवा उंच जोडली तर चढाला पुढची चाकं उचलतात. पिनला क्लिप हवी, खिळा किंवा तार नको.

दोनचाकी ट्रॉलीत माल चाकाच्या किंचित पुढं ठेवा. सगळा मागं गेला तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं स्लिप होतात. फारच पुढं आला तर स्टिअरिंग हलकं पडतं.

वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. भरल्या ट्रॉलीला हे विसरू नका.

मागं लाल रिफ्लेक्टर लावाच. ऊस सुरू झाला की रात्री रस्त्यावर बिनलाईटच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि मोटारसायकलवाला थेट त्यात घुसतो. आपली ट्रॉली त्यातली नको.

मडगार्डवर, दांडीवर कुणाला बसवू नका. लेकरं हट्ट करतात, तरी नाही म्हणा.

घरात पोरगं नवीन ट्रॅक्टर शिकत असेल, तर आधी रिकामी ट्रॉली, मग अर्धी, आणि ओढ्याचा उतार सगळ्यात शेवटी. तोवर शेजारी उभं राहून एकच विचारायचं: "ओढतोय ते दिसतंय रे, थांबेल का?"