ड्रमची लेव्हल

साखर कारखान्यात बॉयलरच्या ड्रममधलं पाणी हा जिवाशी खेळ असतो. फार खाली गेलं तर नळ्या तापून फुटतात, फार वर गेलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं. म्हणून ही लेव्हल ऑटो कंट्रोलवर ठेवतात. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशन बघत होतो, तेव्हा ऐन गळितात ती डोलायला लागली. स्क्रीनवरची रेघ वर-खाली होत राहिली, थांबायचं नावच नाही.

रात्रपाळीचे तात्या हयातभर बॉयलरवर राबलेले. म्हणाले, "साहेब, ऑटोला टाकलं की डोलतंय. मॅन्युअलला घ्या, लगेच गप बसतंय." निम्मं निदान त्यातच झालं. मॅन्युअलला थांबतं म्हणजे बगॅसचा, म्हणजे जळणाच्या चिपाडाचा, किंवा पंपाचा दोष नाही, लेव्हल मोजून व्हॉल्व्ह हलवणारा लूपच स्वतःला हलवतोय. व्हॉल्व्ह अडकतो का ते पाहिलं. तो साफ चालत होता.

मग लूप मॅन्युअलला ठेवून, तात्यांना गेज ग्लासपाशी उभं करून, फीड वॉटरचा व्हॉल्व्ह मी थोडाथोडा, ठरावीक लयीत उघडझाप करू लागलो. आधी संथ, मग जलद. प्रत्येक लयीला लेव्हल किती हलते आणि किती मागून हलते, एवढंच टिपायचं. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स तो हाच. तेव्हा जे दिसलं ते नुसतं वाचून पटलं नसतं: व्हॉल्व्ह उघडला की लेव्हल आधी उतरते! ड्रममधलं पाणी वाफेच्या बुडबुड्यांनी भरलेलं असतं. त्यामानाने गार पाणी आत आलं की बुडबुडे आक्रसतात, पाणी साठल्याचं नंतर कळतं. वाफेची मागणी एकदम वाढली तर याच्या उलट. दाब पडतो, बुडबुडे फुगतात, पाणी कमी होत असताना लेव्हल चढलेली दिसते आणि कंट्रोलर फसून पाणी तोडतो.

लय वाढवावी तशी लेव्हल आणखी मागे पडते. कंट्रोलरचा स्वतःचा विलंब धरून एका लयीला ती 180 अंश मागे जाते. तिथे केलेली दुरुस्ती डोलण्यालाच हात देते. त्या लयीला लूपचा एकूण गेन, म्हणजे हलणं एका फेरीत जितक्या पटीने परततं ते प्रमाण, 1 पेक्षा कमी असेल तर डोलणं विरतं, जास्त असेल तर वाढत जातं. हॅरी नायक्विस्ट यांनी 1932 मध्ये स्थैर्याचा हा निकष मांडला तो टेलिफोनच्या अॅम्प्लिफायरसाठी. ते गणित उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरला जसंच्या तसं लागू पडतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आमच्या कंट्रोलरचा गेन लेव्हल लवकर जागेवर यावी म्हणून चढवून ठेवला होता. तो निम्म्याखाली आणला, इंटिग्रल टाइम वाढवला, म्हणजे साठत गेलेल्या चुकीवरची दुरुस्ती संथ केली, आणि लेव्हलच्या जोडीला वाफेचा आणि पाण्याचा प्रवाहही कंट्रोलरला दिला. वाफ किती गेली हे थेट कळलं की बुडबुड्यांच्या भरवशावर राहावं लागत नाही.

विलंबाची किंमत या भागाला कालव्यामुळे ठाऊक आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती ओलांडून इंदापूरकडे जातं. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी कमी पडलं म्हणून वरचं गेट भराभर उघडत गेलं, तर ते पाणी पोचेपर्यंत खालची गरज बदललेली असते. वाटेतला वेळ फेज खातो, म्हणजे मागे पडणं वाढवतो, गेन मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे गेट थोडं हलवून वाट बघणारा माणूसच मला खरा कंट्रोल इंजिनिअर वाटतो.

नव्या सेटिंगवर साखर शिजवणाऱ्या पॅनला वाफ घेतली तेव्हा लेव्हल हलली, एकदोन झोके घेतले आणि बसली. तात्यांनी ती नीट पाहिली आणि विचारलं, "बगॅस ओला आला तर?"

प्रश्न नेमका होता. गिरणीतून निघतानाच बगॅसमध्ये साधारण निम्मं पाणी असतं. ओल वाढली की आग मंदावते, दाब बदलतो आणि तोच बॉयलर वेगळा वागतो. त्यासाठीच डोलणं सुरू होण्याआधीची शिल्लक, म्हणजे गेन मार्जिन 2 च्या वर आणि फेज मार्जिन 45 अंशांच्या आसपास राखलं होतं. तात्यांना मी ते कागदावर काढून दाखवलं. "बरं," ते म्हणाले, "पण ओला माल आला की तुम्ही इथंच थांबा. आपण दोघं मिळून बघू."