अंगावर काढलेली सर्दी

कराडहून पुण्याला येत होते. शेजारच्या बाईंनी पर्समधून छोटी बाटली काढली, रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकले आणि रुमाल नाकाशी धरला. पावसामुळे एसटीच्या खिडक्या बंद होत्या. खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत तो वास माझ्याही डोक्यात भरून राहिला आणि घशाशी काहीतरी दाटून आलं. ते सर्दीमुळे नव्हतं.

आमच्या कराडच्या घरात मुलांचं आजारपण म्हणजे लाडाचे दिवस. नाक वाहायला लागलं की तव्यावर ओवा भाजला जायचा आणि त्याच्या पुरचुंडीने छाती शेकली जायची. सहाणेवर सुंठ आणि जायफळ उगाळून कपाळाला लेप लागायचा. तो वाळला की कातडी ओढायला लागायची. गवती चहा, आलं, तुळस आणि मिरी घातलेला काढा नाक दाबून प्यायचा. दही बंद, केळं बंद, पेरूचं नावही काढायचं नाही. जेवायला गुरगुट्या भात, मेतकूट आणि वर तूप. रात्री वाफ. जर्मनच्या पातेल्यात उकळतं पाणी, त्यात निलगिरी, आणि वरून सोलापुरी चादर. माझं डोकं पातेल्यावर कलंडू नये म्हणून आई त्या चादरीत माझ्याबरोबर बसायची. तिचा एक हात माझ्या कपाळाशी आणि दुसरा पातेल्याच्या काठाला असायचा. काठ तापलेला असायचा, पण तिने तो हात कधी काढला नाही. वाफेने विषाणू मरत नाही, नाक घटकाभर मोकळं झाल्यासारखं वाटतं इतकंच, हे पुढे कळलं. उकळतं पाणी सांडून लहान मुलं भाजतात, म्हणून डॉक्टर आता तसलं पातेलं मुलांपुढे ठेवूच नका म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या अंधारात आई पूर्णपणे माझी एकटीची असायची. घरात एरवी ती तशी कुणाच्याच वाट्याला येत नसे.

मग दोन-तीन दिवसांनी तीच सर्दी तिला व्हायची. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे अगदी नेहमीचं, मोठ्या माणसांना दोन-तीनदा. आम्ही तीन भावंडं, त्यामुळे तिच्यापर्यंत काय काय पोचत असेल! तिला मात्र पुरचुंडी नव्हती, लेप नव्हता, मेतकूट-भात नव्हता. भाकरीचं पीठ मळताना शिंक आली की ती परातीकडे पाठ करायची. हात पिठाने भरलेले, म्हणून ब्लाउजच्या बाहीला नाक पुसायची आणि पुन्हा परातीकडे वळायची. हाताच्या कोपरात शिंका, असं सांगणारी पत्रकं आपल्याकडे फार नंतर आली. तिला ते पिठाने शिकवलं होतं.

एकदाच ती आडवी झाली. जुलै महिना, रविवारची दुपार. माजघरातल्या शहाबादी फरशीवर, चटईसुद्धा न घालता, गाल फरशीला लावून ती पडली होती. आम्ही तिघं दारात उभे. बाबा स्वयंपाकघरात चहा करायला गेले आणि मांडणीवरचे डबे उघडू लागले. पितळेच्या डब्याचं झाकण निघालं की विशिष्ट आवाज होतो. आई डोळे मिटूनच म्हणाली, "तो नव्हे. तो साबुदाण्याचा." दुसरं झाकण. "तो गुळाचा." मग थोड्या वेळाने, "खालच्या फळीवर बघा, हळदीच्या मागं." साखर सापडली. ताप किती होता हे कुणी बघितलं नव्हतं, घरात थर्मामीटर होता तरी. प्रत्येक डब्याचं झाकण ती कानाने ओळखत होती. आणि बाबांना, त्या घरात इतकी वर्षं जेवलेल्या माणसाला, साखर कुठे असते ते माहीत नव्हतं.

आता वाटतं, ती सर्दी नव्हतीच. सर्दी हळूहळू येते, आधी घसा खवखवतो, मग नाक, मग खोकला. तापाचं प्रमाण कमी असतं आणि माणूस कुरकुरत का होईना हिंडत-फिरत असतो. फ्लू आला की तो सकाळ-दुपारमध्ये माणसाला खाली पाडतो. थंडी वाजून ताप, सांधेन्‌सांधा दुखणं, डोळे उघडवेनात इतकं डोकं. आई सकाळी धुणं धुऊन आली होती आणि दुपारी फरशीवर होती. आमच्या घरात मात्र दोन्हींचं नाव एकच, आणि दोन्हींवर उपायही एकच: चहा घे, बरं वाटेल.

"पावसात भिजलीस ना, म्हणून" असं आजी तेव्हा म्हणाली. भिजल्याने सर्दी होते का, हा प्रश्न इंग्लंडात सॉल्सबरीजवळ बरीच वर्षं अभ्यासला गेला. युद्धकाळात अमेरिकनांनी बांधलेल्या एका इस्पितळाच्या बैठ्या इमारतींमध्ये १९४६ साली सर्दीवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं आणि ते १९८९ पर्यंत चाललं. डेव्हिड टिरेल यांनी तिथे बरीच वर्षं काम केलं. कोरोना गटातला सर्दीचा एक विषाणू १९६५ मध्ये तिथेच हाती लागला. तिथे स्वयंसेवक बोलावत. त्यांच्या नाकात कधी विषाणूचे थेंब घालत, तर कधी नुसतं निरुपद्रवी पाणी. काहींना अंग ओलं करून वाऱ्यात उभं केलं, ओले मोजे घालून बसवलं. नुसत्या गारठ्याने सर्दी वाढली असं दिसलं नाही. त्यानंतर २००५ मध्ये कार्डिफला १८० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी वीस मिनिटं पाय गार पाण्यात ठेवले, निम्म्यांनी कोरड्या रिकाम्या टबात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या ९० पैकी १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटातल्या ९० पैकी ५ जणांनी. तेव्हा आजी पुरती चुकीची नव्हती. विषाणू नसेल तर पाऊस काही करत नाही, पण तो आधीच नाकात येऊन बसला असेल तर गारठलेलं अंग त्याला वाट देत असावं.

मला मात्र सॉल्सबरीबद्दल वाचताना प्रयोगांपेक्षा दुसरंच काही लागून राहिलं. स्वयंसेवकांना दहा दिवस राहायला छोटी बिऱ्हाडं मिळत. दोघं-तिघं एकत्र, बाकीच्यांपासून लांब. जेवण गरम राहील अशा डब्यात दाराशी ठेवून जात. पुस्तकं होती, खेळ होते, माळावर फिरायला मोकळीक होती, फक्त इतर माणसांपासून तीसेक फुटांवर राहायचं. वर थोडा हातखर्च. किती रुमाल वापरले हेसुद्धा कुणीतरी मोजून लिहून ठेवायचं. लोक पुन्हा पुन्हा अर्ज करून जात, नवी लग्न झालेली जोडपीही जात. दाराशी डबा ठेवलेला, आणि आत एक बाई नाक पुसत पुस्तक वाचते आहे. तिच्या शिंकांची कुणीतरी नोंद ठेवतं आहे. त्या बाईच्या जागी मी आईला कितीदा बसवून पाहिलं. तिला तिथे पाठवायला मला फार आवडलं असतं.

माझा एक राग आहे आणि तो मी सोडणार नाही. आमच्या नात्यात कुठलंही कार्य असलं की जेवणं झाल्यावर कुणीतरी काकू-आत्या ती गोष्ट काढतेच: वहिनींनी अंगात ताप असताना तीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटल्या, चेहऱ्यावर दाखवलं नाही हो! सगळ्या माना डोलावतात. आई खाली बघून हसते. मला तिथून उठून जावंसं वाटतं. लाटणं हातातून काढून घ्यायला त्या दिवशी तीस माणसांतलं एकही उठलं नाही, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. जे केल्याबद्दल तिचं कौतुक होतं, ते तिला करावंच लागू नये यासाठी कुणी काही केलं नाही. शिवाय तापाचे पहिले तीन-चार दिवस विषाणू सगळ्यात जास्त पसरतो. ती पंगत जेवून किती जण आजारी पडले असतील, याचाही उल्लेख त्या कौतुकात नसतो.

आजीला तिच्या आईकडून मानमोडीच्या साथीच्या गोष्टी कळल्या होत्या. १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. ती पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरमध्ये साथ परत आली तेव्हा पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसं गेली. सगळ्या देशात किती गेली याचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होऊन पुढे जातात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं, की शिरगणतीत देशाची लोकसंख्या घटलेली निघाली. आणि मुंबई शहरातले आकडे जातीधर्मानुसार मांडले गेले, तेव्हा तथाकथित खालच्या जातींतल्या हिंदूंमध्ये हजारी ६१.६ मृत्यू होते, युरोपियनांमध्ये ८.३. विषाणू एकच होता. एकाकडे हवेशीर खोली, दूध आणि पाणी देणारं माणूस होतं. दुसऱ्याकडे दाटीवाटीची चाळीतली खोली होती, आणि रोज कामावर गेलं नाही तर रोजचं अन्न नव्हतं. वीस ते चाळीस वयाची माणसं त्या साथीत जास्त गेली आणि त्यांतही बायका पुरुषांपेक्षा अधिक, असं अभ्यासक सांगतात. उशाशी बसून शुश्रूषा कोण करत होतं, ते वेगळं सांगायला नको. हे वाचताना मला ती शहाबादी फरशी दिसते, आणि तिच्यावर आई नसून कुणी दुसरीच असते.

बाबांनी त्या दुपारी केलेला चहा उतू गेला होता. गॅसवर दूध जळल्याचा वास आला आणि आई कोपरावर उठू लागली. बाबा म्हणाले, "अगं, पड की." ती पडली. पण मग म्हणाली, "साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट लावा. मुंग्या होतील."

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात नोकरीला होते. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, सिनेमाघरं बंद झाली, लक्ष्मी रोडवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांग लागलेली, आणि नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जायचे. ती संस्था १९५२ पासून याच गावात आहे. आई रोज फोन करायची. बाहेर जाऊ नकोस, काढा घे. मी विचारायची, तुला बरं आहे ना? "मला काय धाड भरलीय," असं म्हणून ती खोकायची. त्या आठवड्यात मी कराडला गेले आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. त्या वर्षी एवढं तरी सगळ्यांना कळलं, की फ्लूवर औषध आहे आणि ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाच्या हातून हेच दोन दिवस निसटतात. आणि दम लागला, छातीत दुखलं, ग्लानी आली किंवा उतरलेला ताप परत चढला तर घरी बसायचं नाही. तिला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, म्हणून ती थोडी नाराजच झाली. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही, हे त्यांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं. त्या डॉक्टरांबद्दल मला अजून आदर वाटतो.

आता आई सत्तरीच्या पुढे आहे. दर वर्षी पाऊस सुरू होण्याआधी मी तिला फ्लूची लस द्यायला नेते. आपल्याकडे फ्लू थंडीच्या शेवटी येतो तसा पावसाळ्यातही येतो, आणि लशीचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात. दर वर्षी कशाला, हे ती दर वर्षी विचारते. विषाणू रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत ते नव्याने सुचवते. सर्दीची लस का नाही, हेही ती विचारते. सर्दी एका विषाणूने होत नाही. त्यांतल्या एकट्या ऱ्हायनो विषाणूचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत. लस टोचल्यावर दंड दुखतो, कधी कसकस वाटते, पण टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. हे सगळं ऐकून घेतल्यावर तिचा खरा प्रश्न येतो: आज धुणं धुतलं तर चालेल ना?

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी मागच्या पावसाळ्यात ताप घेऊन आल्या. डोळे लाल, आवाज बसलेला. भांडी घासायला बसल्या आणि शिंक आली तशी त्यांनी तोंड फिरवून बाहीत घातलं. मी त्यांना घरी पाठवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाठवाल ताई, पण बाकीच्या चार घरांत खाडा पडतो." खाड्याचे पैसे कापतात. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के. त्या योजनेचा मूळ कायदा १९४८ सालचा. पाच घरांत भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत हा भत्ता पोचत नाही.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, की तापात खाडा कापायचा नाही. बराच वेळ बोलणं झालं. बदली बाईचे पैसे कुणी द्यायचे, खोटं कारण सांगितलं तर काय, डॉक्टरची चिठ्ठी मागायची का. चिठ्ठीला मी विरोध केला. डॉक्टरांची फी आणि रिक्षाभाडं मिळून तिच्या एका दिवसाच्या पगाराहून जास्त होतं. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दरम्यान विचारलंय, की जूनमध्ये आपण लस घेतोच, तर मावशींनाही आपल्या खर्चाने द्यायची का. द्यायची. ते मी विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घातलं आहे.